कुंकवाचा पंचनामा

मनुष्याच्या एका पायात निसर्गाने २६ हाडे घातली आहेत. ती रचताना, पुढे कधी काळी या हाडांना चामड्याच्या, रबराच्या किंवा त्याहूनही निर्दय अशा एखाद्या पदार्थाच्या पेटीत कोंडण्यात येईल, ही शंका त्यास आली नसावी. एरवी घोट्याची दोन टोके दोहो बाजूंस बाहेर काढून ठेवणे, करंगळीकडून मागे जाणाऱ्या हाडाला अर्ध्या वाटेवर विनाकारण उंचवटा देणे आणि टाचेच्या पाठीमागे, जिथे प्रत्येक जोड्याची कड येऊन टेकणार हे उघड आहे नेमके तिथेच, कातडी हाडावर पातळ ताणून बसवणे, असले अव्यवहारी काम त्याच्यासारख्या जुन्या कारागिराच्या हातून झाले नसते. जोड्यांचा कारखानदार तर सरासरीचा उपासक. हजारो पायांची मापे घेऊन तो एक आदर्श पाय सिद्ध करतो आणि त्या पायाचा बूट बनवतो. हा आदर्श पाय कोणाही जिवंत मनुष्याच्या अंगाला जोडलेला आजवर आढळलेला नाही, एवढीच काय ती त्या योजनेतील उणीव.

अर्थात पाय आणि बूट यांच्यात जो कलह उत्पन्न होतो तो मूलतः हद्दीचा कलह होय. आणि हद्दीचा कलह म्हणजे काय, हे करमाळा तालुक्यातल्या माणसास समजावून सांगावे लागत नाही. आमच्या केमच्या शिवारात शेजाऱ्याच्या नांगराने बांध वीतभर कोरला, तर मोजणीचा अर्ज पडतो, नकाशे निघतात, पंच जमतात, जबान्या होतात, आणि मामलेदार कचेरीपासून वरच्या न्यायासनांपर्यंत तारखांची अशी परंपरा सुरू होते की, आजोबांनी केलेल्या फिर्यादीचा निकाल ऐकावयास नातू हजर राहतो. हाच मनुष्य नवा जोडा घालून बाजारातून लंगडत घरी येतो, आणि पायाच्या खास मालकीच्या जागेत बुटाने राजरोस अतिक्रमण केलेले असताना, कसलीही मोजणी न मागता, "सवय होईल" एवढ्या एका वाक्यावर आपला दावा काढून घेतो. वीतभर मातीसाठी तीन पिढ्या झुंजणारा हा वीर बोटभर कातडीच्या बाबतीत इतका उदार का व्हावा, याचा विचार करण्याचा प्रसंग मजवर गेल्या वैशाखात आला, आणि तोही बर्फावर खेळावयाच्या बुटांमुळे.

केम हे पुणे-सोलापूर लोहमार्गावर जेऊर आणि कुर्डुवाडी यांच्या दरम्यान वसलेले गाव. गावात उत्तरेश्वराचे देऊळ आहे, आणि गावाबाहेर केमची ख्याती आहे ती कुंकवाची. हळदीला क्षाराचा स्पर्श झाला की पिवळ्याचे तांबडे होते, या एका रासायनिक सत्यावर जुन्या पिढ्यांनी जो धंदा उभारला, त्याची पुढे सामग्री बदलली, यंत्रे आली, तरी रंग सुटला नाही. बर्फाशी मात्र केमचा संबंध बेताचाच. वैशाखात पारा चाळिशी ओलांडून पुढे निघाला म्हणजे लग्नाच्या पंगतीसाठी लाकडाच्या भुशात गुंडाळलेल्या लाद्या येतात, उसाच्या रसवाल्याकडे त्यांचे खडे होतात आणि गोळेवाल्याकडे चूर्ण. बर्फ हा पदार्थ तोंडात घालण्याचा आहे. त्याच्यावर उभे राहून कोणी पोटापाण्याशिवाय धावाधाव करीत असेल, ही कल्पना गावाच्या बुद्धीस शिवलेली नव्हती.

अशा स्थितीत आमच्या घरी लग्न निघाले, आणि त्यासाठी माझ्या थोरल्या बंधूंची नात कॅनडातील टोरांटोजवळच्या एका उपनगरातून आईबापांसह केमला आली. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची. तिकडे शाळेच्या वयाच्या मुलांना हिवाळाभर जो नाद असतो, त्या आइस हॉकीचा हिलाही नाद. हंगाम संपता संपता तिने नवे स्केट घेतले होते, आणि पुढच्या हंगामापर्यंत ते घरातल्या घरात पायात घालून मुरवावयाचे असा त्या खेळाडूंचा शिरस्ता असल्यामुळे, तिने ते सामानात आणले होते. पात्यांना प्लास्टिकची म्याने चढवून ती शहाबादी फरशीवरून खडखडत येऊ लागली, तेव्हा लग्नघरातील निम्मी मंडळी वऱ्हाडाचे घोडे आले असे समजून दारापर्यंत गेली. तिची आजी, म्हणजे आमच्या वहिनी, यांनी तत्काळ फर्मान काढले की, पायताण घालून घरात फिरणे या घराण्यात चालत नाही, ओसरीवर बसावे. मुलगी ओसरीवर बसली, तिने बूट काढले, आणि तिच्या पायांवरचे तांबडे वळ पाहून वहिनींचे फर्मान घशातच विरले.

हा खेळ बंदिस्त जागेत, नियमबद्ध रीतीने, प्रथम खेळला गेला तो ३ मार्च १८७५ रोजी माँट्रिऑल शहरातील व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये; म्हणजे आमच्या बाजूचे रूळ १८६० साली सोलापुरास पोहोचल्यानंतर पंधरा वर्षांनी. चेंडूच्या जागी टणक रबराची तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची चकती असते, आणि तिच्यामागे माणसे ज्या वेगाने धावतात, तो वेग साधारण तीन मिलिमीटर जाडीच्या एका पात्यावर तोललेला असतो. पात्याच्या तळाला मधोमध उथळ पन्हळ घालून दोन्ही बाजूंस धार ठेवलेली असते. वळावयाचे ते आतल्या किंवा बाहेरच्या धारेवर. घोटा किंचित कलला की पातेही त्याच क्षणी, तितकेच कलले पाहिजे. मधल्या मध्ये पाय बुटात हलला, तर मेंदूने दिलेला हुकूम पात्यापर्यंत पोहोचतच नाही, आणि खेळाडू कठड्यापर्यंत पोहोचतो. म्हणून हे बूट नेहमीच्या जोड्याहून नंबर-दीड नंबर लहान घेतात. ताठ उभे राहिले असता बोटे पुढच्या टोपीला जेमतेम स्पर्श करावीत आणि गुडघे वाकवले असता ती किंचित मागे यावीत, ही त्याची परीक्षा. बाकी सर्वत्र बुटाने पायाला आलिंगन द्यावयाचे असते. आलिंगनाची मर्यादा मोठ्या मोठ्यांना कळत नाही, तेथे साच्यातून काढलेल्या कठीण बुटाला ती कोठून कळणार? मुलीच्या तक्रारीच्या जागा तीन होत्या: आतल्या घोट्याच्या जरा खाली आणि पुढे असलेले हाड, करंगळीच्या बाजूचा तो पूर्वोक्त उंचवटा, आणि पायाचा पुढचा सांधा, जेथे नाडी आवळली असता खालचा स्नायुबंध रगडला जातो.

लग्नघर म्हटले की पंचांची वाण नसते. ओसरीवर बूट ठेवलेला, शेजारी फिर्यादी पाय, आणि भोवती सुपारी कातरणारी मंडळी, अशी सुनावणी सुरू झाली. एका वयोवृद्ध गृहस्थांनी एरंडेल चोळून रात्रभर ठेवण्याचा अभिप्राय दिला. हा अभिप्राय निराधार नव्हता. कोल्हापुरी वहाण तेल पाजल्यावाचून वश होत नाही, आणि २०१९ साली ज्या जिल्ह्यांच्या नावे कोल्हापुरी चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले त्यांत सोलापूरचाही समावेश असल्यामुळे, या विषयात बोलण्याचा आमचा अधिकार सरकारदप्तरी नोंदलेला आहे. परंतु ते शास्त्र चामड्याचे. या बुटाच्या अंगात चामडे नावापुरतेही नव्हते; तेल त्यावरून ओघळले आणि वहिनींच्या धुतलेल्या फरशीवर विसावले. दुसऱ्या गृहस्थांनी भिजवलेली ज्वारी बुटात ठासून तोंड बांधण्याची शिफारस केली, म्हणजे दाणे फुगून बूट आतून रुंद होईल. यात दोष एवढाच की, ज्वारी निःपक्षपाती असते. जिथे दुखते तिथेही ती तेवढाच रेटा देणार, आणि जिथे घट्ट हवे तिथेही तेवढाच. तिसऱ्याने सांगितले की एक नंबर मोठा घ्यावा. हा सल्ला ऐकावयास सर्वांत शहाणपणाचा आणि वस्तुतः सर्वांत घातक. कारण बूट मोठा घेतला की टाच आत उचलू लागते, जागोजागी फोड येतात, आणि पूर्वी जो त्रास तीन ठिकाणी होता तो आता सर्व पायाच्या वाट्याला सारखा येतो. चौथ्याने, अपेक्षेप्रमाणे, "सवय होईल" असा निकाल वाचून दाखवला. त्याच्या स्वतःच्या पायात त्या वेळी अंगठ्याच्या जुन्या चपला होत्या.

या सर्वांत वजनदार साक्ष पडली ती एका वारकरी बाबांची. त्र्यंबकेश्वराहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी आमच्या करमाळा तालुक्यातून पंढरपुरास जाते, आणि तिच्याबरोबर चाललेल्या माणसास पायाविषयी जे ज्ञान असते ते पोथीत सापडत नाही. ते म्हणाले, "नवी वहाण घालून वारीला निघू नये, हे खरं. पण पाय पहिल्या मुक्कामाला बोलला, तर त्याचं त्याच मुक्कामाला ऐकावं. तिसऱ्या मुक्कामाला तो बोलत नाही, बसतो." यावर सुपारी कातरण्याचे थांबले.

तेव्हा प्रकरण जाणत्या माणसांकडे न्यावे असे ठरले. जाणती माणसे दोन निघाली. एक, बाजारात जोडे शिवणारे आणि दुरुस्त करणारे वृद्ध कारागीर. दुसरे, कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले आमच्या आळीतील फिटर. अडीच फूट रुंदीच्या रुळांवर १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे पुढे रुंद होऊन इतिहासजमा झाली, तरी त्या गाडीची डागडुजी करणाऱ्या माणसांच्या हातातले 'सूत' हे माप अद्याप जिवंत आहे. फिटरांनी पाते अंगठ्याने चाचपले आणि आदराने म्हटले, "गाडीच्या चाकाला एकच कड असते. ह्याला दोन आहेत." कारागिरांनी बुटात हात घातला, बराच वेळ आत ठेवला, आणि मुलीला विचारले, "ताई, कुठं दुखतं ते सगळेच सांगतेत. नेमकं कुठं, ते सांगता येईल का?"

मुलीने सांगितले, "काका, आमच्याकडे दुकानात पायावर लिपस्टिकचा ठिपका लावतात." ही रीत मोठी मार्मिक आहे. पायावरील दुखऱ्या हाडावर रंगाचा ठिपका द्यावयाचा; मग पाय बुटात घालून टाच मागे ठोकायची, म्हणजे पाय आपल्या खऱ्या जागी बसतो; गुडघे वाकवून नाडी आवळायची; आणि पाय जपून बाहेर काढायचा. रंग बुटाच्या आतल्या अंगास लागलेला असतो, आणि अतिक्रमण नेमके कोणत्या बिंदूवर झाले आहे याची नोंद फिर्यादी व आरोपी या दोघांच्याही अंगावर एकाच वेळी उमटते. याहून निर्दोष पंचनामा कोणत्या चावडीत झाला आहे?

प्रश्न लिपस्टिकचा होता. लग्नघरात ती नव्हती असे नाही. पण ज्यांच्याकडे होती त्यांनी ती बुटासाठी देण्यास ठाम नकार दिला. त्यावर कोणी तरी म्हणाले, "अहो, केमात बसून तांबड्या रंगाला कसले अडता?" आणि सभेत शांतता पसरली, कारण जे सर्वांच्या मनात आले ते बोलून दाखवण्याचे धैर्य कोणास नव्हते. वहिनींनी ते ओळखले. "पायताणाला कुंकू?" त्या म्हणाल्या, "गावात तोंड दाखवायला जागा राहील का?"

यानंतर जो वादविवाद झाला तो एखाद्या धर्मसभेस शोभला असता. एका पक्षाचे म्हणणे असे की, ठिपका पायाला द्यावयाचा आहे, जोड्याला नव्हे. आणि पायाला कुंकू निषिद्ध असते, तर घरात येणाऱ्या नव्या सुनेची कुंकवाची पावले कोणी काढली असती? दुसऱ्या पक्षाचे उत्तर असे की, ठिपका पायाला दिला तरी तो लागावा बुटालाच हा हेतू उघड आहे, आणि शास्त्र हेतू पाहते. अखेर फिटरांनी नजीर सादर केली. खंडेनवमीला आम्ही लेथला, ड्रिलला, शेगड्याला कुंकू लावीत आलो. ट्रॅक्टरला लावतात, शिवणयंत्राला लावतात, कोयत्याला लावतात. या वस्तूला पाते आहे, आणि पात्याला दोन्हीकडून धार आहे. सबब हे पायताण नसून शस्त्र आहे. हा युक्तिवाद ऐकून वहिनी क्षणभर स्तब्ध राहिल्या आणि मग म्हणाल्या, "शस्त्र असलं तर माझं काही म्हणणं नाही. पण मग ते ओसरीवर कशाला? देवघराशेजारी ठेवा."

कोरडे कुंकू कातडीवर टिकत नाही, ही अडचणही वहिनींनीच सोडवली. पूर्वीच्या बायका कपाळाला आधी मेण लावून त्यावर कुंकू रेखीत. ती मेणाची डबी त्यांच्या फडताळात होती. मेण, स्निग्ध द्रव्य आणि रंग, एवढ्यावर तर ती परदेशी कांडीही उभी असते; म्हणजे टोरांटोच्या दुकानदाराने जे साधन योजले तेच आमच्या आजीच्या पिढीने कपाळावर मिरवले होते. दुखऱ्या हाडांवर दोन्ही पायांना ठिपके रेखले गेले, टाच ठोकली, नाडी आवळली, पाय बाहेर आला; आणि विजेरीच्या उजेडात बुटाच्या आत पाहता कुंकवाचा ठसा, पंचांनी बाहेरून बोट ठेवून सांगितलेल्या जागेच्या चांगला अर्धा इंच खाली निघाला. एरंडेलवाले, ज्वारीवाले आणि सवयवाले, तिन्ही पक्ष अर्ध्या इंचाने हरले.

पुढचे काम उष्णतेचे. हे बूट ऐंशी अंश सेल्सिअसच्या आसपास तापवले असता नरम पडतात. तिकडच्या दुकानांत त्यासाठी खास भट्टी असते, आणि बूट मऊ असताना पायात घालून तो निवेपर्यंत खेळाडूस बसवून ठेवतात. केमच्या उन्हाविषयी अभिमान बाळगणाऱ्या काही मंडळींनी बूट पत्र्यावर ठेवण्याची सूचना केली. परंतु आमचे ऊन कितीही कर्तबगार असले तरी ऐंशीपर्यंत पोहोचण्याचा त्याचा अद्याप इरादा नाही. मग मोबाइल दुरुस्त करणाऱ्या मुलाकडची गरम हवेची बंदूक आणवली, आणि हाताला सोसेल इतक्या अंतरावरून ती ठशाच्या जागेवर, एके ठिकाणी न थांबवता, फिरवली. फिटरांनी जुन्या बेअरिंगमधील पोलादी गोळी आतून आणि रुंद कडी बाहेरून धरून, ती दोन्ही क्लॅम्पमध्ये हलकेच आवळली. तेवढीच जागा बाहेर फुगली, आणि बूट पुरता निवेपर्यंत कोणी त्यास हात लावू नये, असा बंदोबस्त ठेवण्यात आला. हे करण्याची सांगाडी कनेडियन दुकानांत तयार मिळते. तत्त्व मात्र तेच, गोळी आणि कडी. कारागीर शेजारी बसून प्रत्येक वेळी "अजून नको, पुरे," एवढेच म्हणत होते. त्यांच्या मते या धंद्यातील अर्धे कौशल्य हात थांबवण्यात आहे.

उरला नाडीचा सांधा. तेथे बूट फुगवून उपयोग नव्हता. कारागिरांनी त्या जागेवरचे एक भोक सोडून नाडी पुढच्या भोकात ओवली, आणि रगड नाहीशी झाली. घोट्यासाठी वहिनींनी स्पंजाच्या तुकड्यातून मध्ये भोक असलेले कडे कापले, आणि ते कोणास विचारून नव्हे. डोक्यावर घागर ठेवताना चुंबळ का लागते, हे ज्यांनी आयुष्यभर अनुभवले आहे, त्यांना दाब एका बिंदूवरून उचलून भोवती कसा वाटावा, हे कोणत्याही तंत्रज्ञाने शिकवावे लागत नाही. ज्याला दुखते त्याच्यावर गादी घालू नये, त्याच्या भोवती घालावी. वरून गादी घातली तर बूट तेवढा अधिक लहान होतो.

या सर्व खटाटोपाची परीक्षा केमात होणे शक्य नव्हते, कारण लग्नासाठी आलेली लादी दुपारीच पाणी झाली होती. देशात इतरत्र मात्र या खेळाचा संसार बऱ्यापैकी वाढला आहे. सिमल्याची रिंक १९२० पासूनची. लडाखात गोठलेल्या तळ्यांवर लष्करी बुटांना लोखंडी पाती जोडून लोकांनी हा खेळ आपलासा केला. आणि भारताच्या महिला संघाने, ज्यात लडाखी मुलींचाच भरणा, २०१६ साली तैपेई येथे पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळून २०१७ साली बँकॉकला फिलिपाइन्सविरुद्ध आपला पहिला सामना जिंकला. लष्करी बुटाला पाते ठोकून जे खेळले, त्यांच्या घोट्यांनी काय सोसले असेल, याची नोंद कोणत्याही गुणफलकावर नाही.

आमच्या प्रकरणाचा निकाल पुढे दूरध्वनीवरून कळला. डाव्या पायाचा दावा संपूर्ण मंजूर झाला. उजव्या पायाची करंगळीकडील तक्रार अंशतः शिल्लक असून तिचे अपील तिकडच्या दुकानात दाखल आहे. बुटाच्या आतला कुंकवाचा ठसा जात नाही, आणि तो पुसू नये असे मुलीने दुकानदारास बजावले आहे, असेही समजले.

या अनुभवावरून मी एवढाच निष्कर्ष काढतो की, "सवय होईल" हे वाक्य म्हणजे तपास न करता दिलेला निकाल होय, आणि तो नेहमी ज्याच्या पायात तो बूट नाही असा मनुष्यच देतो. दुखणे सर्व पायाचे नसते, ते कुंकवाच्या टिकलीएवढ्या जागेचे असते. ती जागा हुडकली तर तेवढीच सवलत पुरते, न हुडकली तर जोडा बदलूनही भागत नाही. बांधाच्या वादात आपण जी चिकाटी दाखवतो तिचा शतांश जरी पायाच्या बाजूने दाखवला, तरी पुष्कळ घरांतील सायंकाळची चिडचिड कमी होईल. तेव्हा वाचकांनी नवा जोडा घ्यावयास दिवस कलल्यावर जावे, कारण तोवर पाय किंचित सुजलेला असतो. दोन्ही पायांत घालून पाहावा, कारण आपले दोन पाय एकमेकांसारखे असतातच असे नाही. आणि दुकानदार "वापरून सैल होईल" असे म्हणाला, तर नेमका कोठे, एवढे त्यास अवश्य विचारावे.